डाय-सेन्सिटाइज्ड सोलर सेलचा इलेक्ट्रोलाइट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या सेलमध्ये टायटॅनियाच्या थरावर चढवलेला रंग उजेड टिपतो आणि त्यातून वीज मिळते. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला आलेली मुलं कोणता रंग वापरायचा यावर दोन-दोन महिने चर्चा करतात. टायटॅनियाची (टायटॅनियम डायऑक्साइडची) पेस्ट किती वेळ भाजायची यावर वाद घालतात. दोन काचांमध्ये भरायचा द्रव, म्हणजे इलेक्ट्रोलाइट, मात्र फ्रिजमधल्या जुन्या बाटलीतून घेतात, आणि त्या बाटलीवर तारीखही नसते. मग व्होल्टेज का येत नाही, करंट का पडला, हे प्रश्न सुरू होतात. गेली काही वर्षं मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

या सेलमध्ये इलेक्ट्रोलाइटचं नेमकं काम काय?

उजेड पडला की टायटॅनियाच्या कणाला चिकटलेला रंगाचा रेणू आपला एक इलेक्ट्रॉन टायटॅनियात सोडतो. हे इतक्या झटपट होतं की वेळ फेम्टोसेकंद-पिकोसेकंदात मोजावी लागते. रेणूकडे आता एक इलेक्ट्रॉन कमी. ती तूट इलेक्ट्रोलाइट भरून देतो, साधारण मायक्रोसेकंदांत. टायटॅनियात गेलेला इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून फिरून समोरच्या प्लॅटिनमच्या काचेवर येतो. तिथे इलेक्ट्रोलाइट तो परत घेतो आणि फेरा पुरा होतो.

पण हाच इलेक्ट्रोलाइट चोरवाटही असतो. टायटॅनियातून प्रवास करणारा इलेक्ट्रॉन तारेपर्यंत पोचण्याआधीच शेजारच्या ट्रायआयोडाइडने (इलेक्ट्रोलाइटमधल्या आयोडीन आणि आयोडाइड मिळून झालेल्या आयनाने) उचलला, तर तो वाया गेला. याला रिकॉम्बिनेशन म्हणतात. इलेक्ट्रोलाइटमध्ये आपण जे जे घालतो, ते एकतर भरपाई लवकर व्हावी म्हणून किंवा ही चोरी कमी व्हावी म्हणून. बहुतेक वेळा एक साधलं की दुसरं थोडं बिघडतं.

व्होल्टेजही अर्ध्यावर इलेक्ट्रोलाइटच ठरवतो. व्हीओसी (ओपन-सर्किट व्होल्टेज, करंट न काढता मोजलेलं) म्हणजे उजेडातली टायटॅनियाची फर्मी पातळी (तिथल्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा पातळी) आणि इलेक्ट्रोलाइटची रेडॉक्स पातळी (ज्या पातळीवर तो इलेक्ट्रॉन देतो-घेतो) यांतलं अंतर. रंग बदलल्याने हे अंतर थेट बदलत नाही. नव्या माणसाला हे पटायला वेळ लागतो, म्हणून सुरुवातीलाच सांगतो.

सगळीकडे आयोडाइड-ट्रायआयोडाइडच का?

कारण चोरी फार हळू होते. १९९१ साली लोझान इथे ब्रायन ओ'रेगन आणि मिखाएल ग्रेट्झेल यांनी ७ टक्क्यांच्या वर कार्यक्षमता दाखवली, तेव्हा त्यांच्या सेलमध्येही हीच जोडी होती. टायटॅनियातल्या इलेक्ट्रॉनकडून ट्रायआयोडाइडचं क्षपण सहजासहजी होत नाही, ते मिलिसेकंदांवर जातं. समोरच्या प्लॅटिनमवर तीच क्रिया चटकन होते. शिवाय आयोडाइड लहान आहे, टायटॅनियाच्या बारीक छिद्रांत सहज शिरतं. असा स्वभाव असलेली दुसरी जोडी शोधायला पुढे जवळजवळ वीस वर्षं गेली.

तिची किंमत व्होल्टेजमध्ये मोजावी लागते. हायड्रोजन इलेक्ट्रोडच्या तुलनेत आयोडाइड-ट्रायआयोडाइडची पातळी ०.३५ व्होल्टच्या आसपास, आणि नेहमीच्या रुथेनियम रंगाची सुमारे १.१ व्होल्ट. मधलं पाऊण व्होल्ट अंतर रंगाची भरपाई करण्यातच खर्च होतं. खरं तर त्या कामाला पाव व्होल्टच्या आसपास पुरावं. पण आयोडाइडची क्रिया एका टप्प्यात होत नाही. मध्ये डायआयोडाइड रॅडिकल तयार होतो, त्याचे दोन रेणू एकमेकांशी क्रिया करून ट्रायआयोडाइड आणि आयोडाइड देतात, आणि या पायऱ्यांवर ऊर्जा गळते. टायटॅनियाचा कंडक्शन बँड (मोकळे इलेक्ट्रॉन जिथे फिरतात ती ऊर्जा पातळी) उणे अर्ध्या व्होल्टजवळ धरला, तर आयोडीनच्या सेलची कमाल मर्यादा ०.८५ व्होल्टच्या आसपास येते. चांगल्या सेलमध्ये ०.७ ते ०.८ मिळतात. तुमच्या सेलला ०.७२ येत असतील तर निराश होऊ नका, ते चांगलंच काम आहे.

आयोडीन जास्त घातलं तर करंट वाढेल ना?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

समोरच्या काचेपर्यंत करंट वाहून नेतो तो ट्रायआयोडाइड, आणि तो तिथे फक्त विसरणाने, म्हणजे डिफ्यूजनने पोचतो. तो जास्तीत जास्त किती करंट पेलेल याचा हिशेब कागदावर करता येतो. अॅसिटोनायट्राइलमध्ये ट्रायआयोडाइडचा विसरण गुणांक ढोबळमानाने १०⁻⁵ चौ. सेंमी. प्रति सेकंद धरा. आयोडीन ०.०३ मोलर, दोन काचांमधलं अंतर २५ मायक्रॉन. दोन इलेक्ट्रॉनांची क्रिया धरून मर्यादा येते दर चौ. सेंमी.ला सुमारे ४६ मिलिअँपिअर. चांगला सेल पूर्ण उन्हात १५ ते २० मिलिअँपिअर देतो. म्हणजे इथे ट्रायआयोडाइड दुपटीहून जास्त आहे. आणखी घालून करंट वाढायचं काही कारणच नाही.

उलट तोटा होतो, तोही दोन बाजूंनी. ट्रायआयोडाइड स्वतः जांभळा-निळा उजेड खातो. त्याचं शोषण ३६० नॅनोमीटरजवळ जोरात असतं आणि शेपूट चारशेच्या पुढेपर्यंत येतं. तो उजेड रंगापर्यंत पोचतच नाही. दुसरं, चोरणारे हात वाढतात आणि व्हीओसी घसरतो. एकदा एका विद्यार्थ्याने दोन सेल शेजारी ठेवून मला दाखवले, एकात ०.०३ मोलर आणि दुसऱ्यात ०.३ मोलर आयोडीन. पहिल्यात रंगाचा लालसर-जांभळा चौकोन स्वच्छ दिसत होता. दुसरा चहाच्या अर्कासारखा काळपट, आणि रंगाचा चौकोन शोधावा लागत होता. मीटर लावायच्या आधीच उत्तर समोर होतं.

आता हाच हिशेब दाट द्रवासाठी करून बघा. आयनिक लिक्विडमध्ये (खोलीच्या तापमानाला द्रव राहणाऱ्या मिठात) विसरण गुणांक तीसपट कमी धरला, तर तेवढ्याच आयोडीनवर मर्यादा दीड मिलिअँपिअरवर येते, आणि तिथे आयोडीन ०.२ मोलर किंवा त्याहून जास्त घालावंच लागतं. म्हणून "किती आयोडीन योग्य" याला एकच आकडा नाही. आधी सॉल्व्हंट आणि काचांमधलं अंतर ठरवा, मग आयोडीन.

लिथियम आयोडाइड घ्यावं, पोटॅशियम की इमिडॅझोलियम?

आयोडाइड तेच, पण सोबतचा धन आयन सेलचा स्वभाव बदलतो. लिथियम अगदी लहान असतो. तो टायटॅनियाच्या पृष्ठभागावर बसतो, छिद्रांत शिरतो आणि कंडक्शन बँड खाली ओढतो. बँड खाली आला की रंगाला इलेक्ट्रॉन सोडणं सोपं जातं आणि करंट वाढतो. पण व्हीओसीची वरची कडाही तीच असल्याने व्होल्टेज पडतं. मोठे आयन, म्हणजे टेट्राब्युटाइल अमोनियम किंवा इमिडॅझोलियम, पृष्ठभागाला इतके बिलगत नाहीत. त्यांच्यासोबत व्होल्टेज टिकतं, करंट थोडा कमी येतो. पोटॅशियम आणि सोडियम मध्ये कुठेतरी बसतात.

कोणता घ्यायचा ते रंगावर ठरतं. रंगाची उत्तेजित पातळी टायटॅनियाच्या बँडच्या बरीच वर असेल तर लिथियमची गरज नाही, उगीच व्होल्टेज घालवाल. जेमतेम वर असेल तर लिथियमशिवाय करंटच येणार नाही. जांभूळ, कोकम, जास्वंद अशा नैसर्गिक रंगांना लिथियम बऱ्याचदा उपयोगी पडतं ते यामुळेच.

टीबीपी म्हणजे काय? प्रत्येक पेपरमध्ये ०.५ मोलर का दिसतं?

टीबीपी म्हणजे ४-टर्शरी-ब्युटाइल पिरिडिन. बाटली उघडली की खोलीभर पसरणारा तो उग्र वास. त्याचं नायट्रोजन टायटॅनियाच्या उघड्या टायटॅनियम जागांवर बसतं, बँड वर सरकतो, लिथियमचा जोर ओसरतो आणि ट्रायआयोडाइडला पृष्ठभागाशी जायला जागा कमी उरते. परिणाम लहान नसतो. १९९३ मध्ये नझीरुद्दीन आणि सहकाऱ्यांनी एन३ हा रुथेनियम रंग मांडला, तेव्हा फिल्म टीबीपीत बुडवून घेतल्याने व्होल्टेज ०.३८ वरून ०.६६ व्होल्टवर गेलं होतं. एका रसायनाने इतका फरक या क्षेत्रात क्वचितच पडला असेल.

पण म्हणून डोळे झाकून ०.५ मोलर घालू नका. तो आकडा रुथेनियम रंगांसाठी जमलेला आहे. ज्या रंगाची पातळी आधीच काठावर आहे, त्याच्यासाठी बँड आणखी वर नेला तर करंट कोसळतो. नैसर्गिक रंगांच्या सेलमध्ये टीबीपी घालून "काम बिघडलं" म्हणणारे बरेच जण भेटतात. शून्य, ०.१, ०.२५ आणि ०.५ अशा चार बाटल्या करा आणि चारही मोजा. दोन दिवसांचं काम आहे.

आणि ग्वानिडिनियम थायोसायनेट?

थोडक्यात, ०.१ मोलर घातलं की रिकॉम्बिनेशन कमी होतं आणि करंट फारसा न गमावता व्होल्टेज थोडं सुधारतं. रुथेनियम रंगांच्या गाजलेल्या मिश्रणात ते असतंच: ०.६ मोलर ब्युटाइल-मिथाइल-इमिडॅझोलियम आयोडाइड, ०.०३ मोलर आयोडीन, ०.१ मोलर ग्वानिडिनियम थायोसायनेट, ०.५ मोलर टीबीपी, आणि सॉल्व्हंट म्हणून अॅसिटोनायट्राइल व व्हॅलेरोनायट्राइल ८५:१५ प्रमाणात. या मिश्रणावर ११ टक्क्यांच्या वर कार्यक्षमता गेलेली आहे. आपल्या प्रयोगाची तुलना करायला एक ठरलेलं मिश्रण हवं असेल तर हे बनवून ठेवा.

सॉल्व्हंट कोणता चांगला?

आज जास्तीत जास्त आकडा हवा की पुढच्या वर्षी चालणारा सेल हवा, यावर उत्तर अवलंबून आहे.

अॅसिटोनायट्राइल पाण्यापेक्षाही पातळ. काचेतल्या भरायच्या भोकावर थेंब ठेवला की केशाकर्षणाने क्षणात आत ओढला जातो आणि तपकिरी रंग फिल्मभर पसरताना दिसतो. विसरण उत्तम, फिल फॅक्टर (व्होल्टेज आणि करंटमधली किती शक्ती खरंच हाती येते तो आकडा) उत्तम. पण त्याचा उत्कलनबिंदू ८२ अंश सेल्सिअस. मे महिन्यात नागपूर-अकोल्याच्या गच्चीवर काचेआडचं तापमान साठ-सत्तरला सहज टेकतं. इतक्या उष्णतेत आतला बाष्पदाब वाढतो, सील ताणलं जातं आणि एका कोपऱ्यातून द्रव निसटू लागतो. म्हणून टिकाऊपणाच्या चाचण्यांत ३-मेथॉक्सिप्रोपिओनायट्राइल वापरतात. त्याचा उत्कलनबिंदू १६० अंशांच्या वर आहे. ते दाट असल्याने आकडा थोडा खाली येतो, पण सेल जगतो. महाराष्ट्रातल्या उन्हाळ्यासाठी सेल करायचा असेल तर माझं मत स्पष्ट आहे. अॅसिटोनायट्राइल फक्त प्रयोगशाळेत तुलना करण्यापुरतं ठेवा.

मग जेल किंवा आयनिक लिक्विड का नाही?

आयनिक लिक्विड जवळजवळ उडतच नाही, हा त्याचा मोठा गुण. अडचण दाटपणाची, वरचा हिशेब पाहिलातच. २००८ मध्ये तीन आयनिक मिठांचं, खोलीच्या तापमानाला वितळलेलं राहील असं मिश्रण करून ८ टक्क्यांच्या वर कार्यक्षमता मिळाली, आणि उडणारा सॉल्व्हंट अजिबात न वापरता.

जेलमध्ये मात्र नवशिक्यांचा गैरसमज होतो. जेल म्हटलं की आयनही अडकून बसतील असं वाटतं. तसं होत नाही. २००३ मध्ये पीव्हीडीएफ-एचएफपी या पॉलिमरने मेथॉक्सिप्रोपिओनायट्राइलचा इलेक्ट्रोलाइट घट्ट केला होता. बाटली उलटी केली तरी तो ओघळत नाही, पण पॉलिमरच्या जाळ्यातल्या पोकळ्यांत द्रव तसाच असतो आणि आयन त्यातून फिरतात. तो सेल ६ टक्क्यांच्या वर चालला आणि ८० अंशांवर १००० तास टिकला. एकच काळजी घ्या: जेल गरम आणि पातळ असतानाच भरा. थंड झालेलं जेल छिद्रांच्या तळापर्यंत पोचत नाही, आणि मग दोष उगाच जेलच्या माथी येतो.

कोबाल्ट आणि कॉपरचं एवढं नाव का झालं?

आयोडीनमध्ये त्या पाऊण व्होल्टातलं जे उगाच वाया जातं ते वाचवण्यासाठी. कोबाल्ट ट्रिस-बायपिरिडिनची पातळी ०.५६ व्होल्टजवळ आहे, आणि क्रिया एकाच इलेक्ट्रॉनची, मधल्या पायऱ्या नाहीत. २०१० मध्ये स्वीडनमधल्या उप्सालाच्या गटाने डी३५ रंगासोबत ०.९ व्होल्टच्या वर मजल मारली. २०११ मध्ये पॉर्फिरिन रंगासोबत १२.३ टक्के, २०१४ मध्ये १३ टक्के. हे सगळं कोबाल्टवर झालं.

मात्र कोबाल्टचा संकुल अवजड आहे, सावकाश फिरतो, आणि चोरीही आयोडीनपेक्षा भराभर करतो. म्हणून रंगाच्या रेणूला लांब अल्कॉक्सी शेपट्या लागतात. त्या छत्रीसारख्या पसरून कोबाल्टला टायटॅनियापासून लांब ठेवतात. फिल्मही पातळ ठेवावी लागते. एन७१९ या नेहमीच्या रुथेनियम रंगाच्या सेलमध्ये आयोडीनच्या जागी नुसता कोबाल्ट ओतला तर कार्यक्षमता पडणारच. रंग आणि इलेक्ट्रोलाइट एकमेकांसाठीच निवडावे लागतात.

कॉपर त्याच्याही पुढे. मिथाइल गट लावलेल्या बायपिरिडिन किंवा फेनान्थ्रोलिनच्या कॉपर संकुलांची पातळी ०.८५ ते ०.९७ व्होल्टमध्ये येते. एरवी कॉपर(१) ला चतुष्फलकी आकार आवडतो, कॉपर(२) ला सपाट. प्रत्येक वेळी आकार बदलायचा तर वेळ आणि ऊर्जा दोन्ही जातात. ते मिथाइल गट संकुलाला फार सपाट होऊच देत नाहीत, त्यामुळे अदलाबदल झटपट होते. १ व्होल्टच्या वरचे सेल यातून मिळाले, आणि २०२२ मध्ये कॉपरच्याच इलेक्ट्रोलाइटवर १५.२ टक्क्यांची नोंद झाली. टीबीपीशी मात्र कॉपर(२) चं जमत नाही. टीबीपी त्याच्याशीच बंध जोडतं आणि रेडॉक्स वर्तन बदलतं. तिथे बेसची निवड वेगळा विषय होतो.

समोरची काचही बदला. आयोडीनला प्लॅटिनम लागतं, कोबाल्ट-कॉपरला पीईडॉट (वीज वाहणारा पॉलिमर) किंवा कार्बन बरा.

घरातल्या दिव्याच्या उजेडात वेगळा इलेक्ट्रोलाइट लागतो का?

हो, आणि मला वाटतं या सेलचं खरं भवितव्य तिथेच आहे. १००० लक्सला दर चौ. सेंमी.वर जेमतेम ०.३ मिलिवॉट उजेड पडतो आणि करंट मिलिअँपिअरच्या दहाव्या भागाच्या आसपास येतो. विसरणाची अडचण संपली. मग ट्रायआयोडाइड कमी करता येतो, चोरी कमी होते आणि अंधुक उजेडातही व्होल्टेज टिकतं. पूर्ण उन्हासाठी जमवलेलं मिश्रण तसंच घरात आणलं तर हा फायदा हातचा जातो. २०१७ मध्ये कॉपर इलेक्ट्रोलाइटच्या सेलने १००० लक्सला २८.९ टक्के दिले. सेन्सर, रिमोट, घड्याळ यांना एवढी शक्ती पुरते. आपल्या देशात तिरुवनंतपुरमच्या सीएसआयआर-निस्ट या संशोधन संस्थेत घरातल्या उजेडासाठी कॉपर इलेक्ट्रोलाइटवर काम चालू आहे. या विषयात पीएच.डी. करायची असेल तर तिकडे जरूर लक्ष ठेवा.

शाळा-कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मेडिकलमधलं पोव्हिडोन आयोडीन चालेल का?

थोडा करंट दिसेल, पण वापरू नका. त्यात आयोडीन पॉलिमरला बांधलेलं असतं, आयोडाइड पुरेसं नसतं, आणि बाकी बहुतेक पाणी असतं. जांभळाचा किंवा जास्वंदीचा रंग पाण्यात विरघळणारा. तुम्ही तासभर बुडवून चढवलेला रंग ते पाणी हळूहळू उतरवून घेतं.

त्यापेक्षा १० मिली इथिलीन ग्लायकॉलमध्ये ०.८३ ग्रॅम पोटॅशियम आयोडाइड आधी पूर्ण विरघळवा, मग ०.१२७ ग्रॅम आयोडीन घाला. हे झालं ०.५ मोलर आयोडाइड आणि ०.०५ मोलर आयोडीन. क्रम उलटा करू नका, आयोडाइड आधी असेल तर आयोडीन ट्रायआयोडाइड होऊन चटकन विरघळतं. गडद तपकिरी बाटलीत घट्ट बूच लावून ठेवा. ग्लायकॉल दाट आहे, पण असा सेल जेमतेम १-२ मिलिअँपिअर देतो, त्याला ते पुरतं. दोन काचांच्या फटीच्या कडेला दोन थेंब सोडा, चिमटा हलकेच सैल करून पुन्हा आवळा, द्रव आपोआप आत जाईल. बाहेर आलेला लगेच पुसा. मगरीच्या चिमट्यांना आयोडीन लागलं की ते गंजतात आणि पुढची सगळी मोजमापं चुकतात.

पावसाळ्यात केलेले सेल का बिघडतात?

पाण्यामुळे. एका जुलैत आमचे लागोपाठ तीन बॅच दहा दिवसांत मान टाकत गेले. रंग तोच, पेस्ट तीच. शेवटी लक्षात आलं की अॅसिटोनायट्राइलची बाटली रोज उघडली जात होती आणि लिथियम आयोडाइड उघड्या तराजूवर तोललं जात होतं. लिथियम आयोडाइड हवेतलं पाणी इतकं ओढतं की कागदावर ठेवल्या ठेवल्या ओलसर होतं. वजनात पाणी येतं, म्हणून आयोडाइडही कमी पडतं. सेलमध्ये शिरलेलं पाणी रंग आणि टायटॅनिया यांच्यातला बंध सोडवतं. भिंगातून पाहिलं तर फिल्म कडेकडून फिकट होत आलेली दिसते.

उपाय साधे आहेत. सॉल्व्हंट ३ अँगस्ट्रॉमच्या, आधी भट्टीत तापवून घेतलेल्या मॉलिक्युलर सीव्ह्जवर ठेवा. मीठ ग्लव्ह बॉक्समध्ये किंवा निदान कोरड्या दिवशी भराभर तोला. इमिडॅझोलियमची मिठंही ओलावा घेतात, त्यांना निर्धास्तपणे कोरडी समजू नका.

काही आठवड्यांनी तपकिरी रंग उडून सेल पारदर्शक का होतो?

ट्रायआयोडाइड संपतोय म्हणून. सीलमधून आयोडीन बाहेर जातं, किंवा अतिनील किरणांमुळे टायटॅनियावर सुरू झालेल्या क्रियांत ते खर्ची पडतं. ट्रायआयोडाइड उरला नाही की समोरच्या काचेला घ्यायला काही मिळत नाही आणि करंट कोसळतो. अतिनील किरण अडवणारी फिल्म लावा आणि भोक बंद करताना सरलिनवर (गरम करून चिकटवायच्या पॉलिमर पट्टीवर) पातळ काचेचा तुकडाही चिकटवा. सेलच्या आत चांदीच्या रेषा उघड्या असतील तर आयोडीन त्या खाऊन टाकतं, त्या झाकल्याच पाहिजेत.

दोष इलेक्ट्रोलाइटचा आहे की रंगाचा, हे कसं ओळखायचं?

टायटॅनिया आणि रंग दोन्ही वगळून फक्त प्लॅटिनमच्या दोन काचा समोरासमोर लावा आणि मध्ये तुमचा इलेक्ट्रोलाइट भरा. व्होल्टेज हळूहळू वाढवत करंट मोजला की तो एका पातळीवर सपाट होतो. तीच विसरणाची मर्यादा. ती सेलच्या करंटच्या दुपटीहून जास्त असेल तर इलेक्ट्रोलाइट करंट अडवत नाही. व्होल्टेजच्या तक्रारीसाठी इम्पीडन्स (वेगवेगळ्या वारंवारतेच्या एसी व्होल्टेजला सेलचा विरोध) मोजा. मधल्या वारंवारतेची चाप टायटॅनिया आणि इलेक्ट्रोलाइट यांच्यातली चोरी दाखवते. त्याच बायसला (लावलेल्या व्होल्टेजला) ती लहान होत गेली तर रिकॉम्बिनेशन वाढलंय. सर्वात कमी वारंवारतेची चाप विसरणाची.

हाताळताना काय जपायचं?

अॅसिटोनायट्राइल पेट घेतं, आणि शरीरात गेल्यावर त्यापासून सायनाइड तयार होतं. ते फ्युम हूडमध्येच उघडा. टीबीपीसाठीही हूडच हवा. नायट्राइलचे हातमोजे अॅसिटोनायट्राइलला फार वेळ अडवत नाहीत, भिजले की लगेच बदला. कोबाल्टचा उरलेला द्रव सिंकमध्ये ओतू नका, वेगळ्या कॅनमध्ये साठवा. आणि प्रत्येक बाटलीवर सगळे घटक, त्यांची मोलॅरिटी, सॉल्व्हंट, बनवल्याची तारीख आणि बनवणाऱ्याचं नाव लिहा.